तीन पेरांची ओल

ओल: नखापाशी

गंगीने मधलं बोट जमिनीत खुपसलं. भात कापून चार दिवस झाले होते. वर धसकटं, खाली काळी जमीन. नख बुडालं तोच गार लागलं.

"भरपूर आहे," ती म्हणाली. ऐकायला बांधावर फक्त शेळी होती.

मोजणी सोपी आहे. बोटाला तीन पेरं. भातामागे शेतात राहिलेली ओल रोज थोडी थोडी खाली जाते. तिसऱ्या पेरापर्यंत ती हाताला लागते तोवर वाल टोकायचे. मग ते आपलं मूळ ओलीच्या मागे मागे खाली पाठवतात आणि शिमग्यापर्यंत थेंबभर पाणी मागत नाहीत. ओल बोटाच्या पलीकडे गेली की संपलं, त्या वर्षी शेत गुरांना मोकळं. गंगीची सासू असंच मोजायची. गंगीही असंच मोजते.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या पाड्यात बाकीच्यांनी वाल सोडून दिले होते. कोणी वीटभट्टीला जातं, कोणी डहाणूच्या वाड्यांमध्ये चिकू तोडायला. ते जुने वाल आता एकट्या गंगीकडे उरले होते: बारके, तांबूस, पांढऱ्या डोळ्याचे, चवीला किंचित कडसर.

घरी येऊन तिने छतातल्या हुकावरून तुंबा काढला. सुकवलेल्या भोपळ्याचा तुंबा, तोंडाला चिंध्यांचा बोळा, त्यावर शेणमाती. आत दर वर्षी बियाणं.

तुंबा हलका लागला.

तिने तो सुपावर उपडा केला. आधी पीठ पडलं. मग वाल पडले, प्रत्येकाला एकेक गोल भोक. मग भोकांतून भुंगे निघाले आणि सुपाच्या काठाकडे निवांत चालू लागले.

"चंद्रिका!"

सून आली. चंद्रिका मसोलीची, डहाणू रोडला लागून वाढलेली. इथे अंगणवाडीत मदतनीस. मागून मुलगा सुदामही आला.

"हुक कुणी ठोकला?" गंगीने विचारलं.

"मीच," सुदाम म्हणाला. "जागा तूच दाखवलीस. चुलीच्या बरोबर वर."

"मग चूल कुठाय?"

तिघांनी खाली पाहिलं. घरकुलाचा नवा ओटा, फुलाफुलांच्या फरश्या, दोन बर्नरची गॅसशेगडी. चूल गेल्या उन्हाळ्यात जुन्या घराबरोबर पडली होती. भिंती नव्या झाल्या, छत नवं झालं, तुंबा मात्र अगदी जुन्या जागी टांगला गेला. तेव्हापासून त्याला धुराचा वाससुद्धा लागला नव्हता.

"आई, मला वाटलं तुम्ही काहीतरी लावलं असेल आतून," चंद्रिका म्हणाली.

"काय लावणार? धूरच लावायचे मी. तो तुझ्या गॅसला येत नाही."

"माझा गॅस? दूध उतू गेलं की 'माझा गॅस, माझा गॅस' करत कोण पुसतं?"

सुदाम हसला आणि लगेच थांबला. धूर गेला तसा गंगीचा दहा वर्षांचा खोकलाही गेला होता. त्यामुळे गॅसला शिवी घालायचीही सोय नव्हती.

तिने सुपातले वाल निवडले. दोनदा निवडले. भोक नसलेला एकही निघाला नाही.

ओल: पहिल्या पेराच्या मधोमध

तलासरीचं बियाण्याचं दुकान.

"वाल आहेत का?"

"खायला का पेरायला?"

"पेरायला."

"हे घ्या पाकीट. साठ दिवसांत शेंग."

"पाणी किती लागतं?"

"आठवड्याला एकदा सोडायचं. ठिबक असलं तर उत्तमच."

"पाणी नाही. ओलीवरचे पाहिजेत."

"मावशी, ओलीवर आता कोण पेरतं?"

"मी."

दुकानदाराने पाकीट परत हुकाला लावलं. वाईट माणूस नव्हता. शेजारच्या किराणावाल्याकडे वाल आहेत, असं त्यानेच सांगितलं.

किराणावाल्याकडे होते. पांढरे, फुगीर, गुजरातेतून आलेले. गंगीने एक दाणा दाढेखाली धरून फोडला, चघळला.

"गोड आहे," ती म्हणाली. किराणावाल्याला हे कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं; घरचे वाल कडसर.

अंगणवाडीच्या भिंतीवर

एक तक्ता आहे. चंद्रिका रोज त्याच्याखाली खिचडी वाढते. तलासरीहून येताना गंगी तिथे पाणी प्यायला टेकली, तेव्हा चंद्रिकाने तो तिला वाचून दाखवला. सासूची पिशवी रिकामी दिसत होती.

*कडधान्ये शरीराची वाढ करतात.*

"आणि पोट फुगवतात. पुढे."

*वाल, उडीद, तूर, कुळीथ, चवळी. शंभर ग्रॅम वालात सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने.*

"म्हणजे किती?"

"म्हणजे चौथा हिस्सा. मुठीतले चार वाल घेतले तर त्यातला एक अख्खा वाल नुसती ताकद."

"बाकीचे तीन काय उगाच असतात?"

*भात किंवा नाचणीबरोबर कडधान्य खाल्ल्यास प्रथिने अधिक चांगली मिळतात.*

"हे बरोबर लिहिलंय. कुणी लिहिलंय?"

*मोड आणल्याने कडधान्य पचायला हलके होते.*

गंगीने मान हलवली. तक्त्यावर जे नव्हतं ते मग तिने सांगितलं. कोवळी शेंग मिठाच्या पाण्यात उकडून सोलत बसायचं. जून झाली की दाणे काढून नाचणीच्या भाकरीशी. वाळलेल्याचं बिरडं. वेल शेळीला. मुळांनी जमिनीला दिलेलं पुढच्या भाताला. आणि चैत्रात पाच शेर समुद्रकाठी आगरला, पुष्पाकडे.

"तुमची ती कोळीण?"

"ती." गंगी एकदम थांबली. मग म्हणाली, "पुष्पाकडे असतील. पाच शेर दिलेत मी. आपलेच वाल."

"मग मागू की."

"दिलेलं मागायचं?"

चंद्रिकाने भांडं विसळलं. "उद्या माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "मसोलीला जायचं म्हणून मी काढलीच होती. आगर तिथून कितीसं लांब?"

ओल: दुसऱ्या पेराशी

आगरला बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, जबडे एकमेकांत अडकवलेले, जोडीजोडीने. पुष्पा खालून त्यांच्याकडे बघत होती. गंगीला पाहून तिने कपाळावर हात नेला.

"आज कुठे उगवलीस? तुझे वाल चैत्रात येतात. मार्गशीर्षात काय आणलंस?"

"सून आणली."

"ही? हिच्या बदल्यात मासळी शीग लावून द्यायची की सपाट?"

बावीस वर्षं दोघींचा हाच वाद. शेराला शेर, वालाला सुकी मासळी. एकीने मापावर उंच शीग लावली की दुसरीनेही लावायची. गंगीची शीग टोकदार असे आणि पुष्पाची पसरट, असं दोघींचंही दुसरीबद्दल म्हणणं होतं. पाऊसभर पाड्यात बोंबील आणि करंदी पुरत. श्रावणभर आगरला वाल पुरत.

चहा झाला. गंगी पावसाबद्दल बोलली. बोटींबद्दल विचारलं. पुष्पाच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. घरकुलाच्या फरश्यांबद्दल सांगितलं.

"आई, विचारा ना," चंद्रिका म्हणाली.

"काय विचारायचंय?" पुष्पा हसली. "वाल परत पाहिजेत की काय?"



मग गंगीने सगळं सांगितलं. तुंबा, हुक, ओटा, भुंगे. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "शेरभर उरले असतील तर दे. अर्धा शेर दिलास तरी चालेल. मी दुप्पट करून आणून देते."

पुष्पाने हात ओच्याला पुसले, कोरडेच असूनही. "संपले गं. श्रावणात दोनदा बिरडं केलं, करंदी न घालता. गणपतीला एकदा केलं. उरलेले लेकीने नेले, ती बाळंतीण आहे. तिचीसुद्धा झाली असतील खाऊन."

"खायलाच दिले होते," गंगी म्हणाली.

"मग ओलीचं काय?"

"दुसऱ्या पेरावर आहे. चार-पाच दिवस."

"दुसरे वाल..."

"दुसरे ओलीमागे जात नाहीत. वरच बसून पाणी मागतात." गंगीने कप खाली ठेवला. "म्हणजे या चैत्रात मी येत नाही. पुढच्याही नाही."

"रिकामी ये. बोंबील देणार नाही असं म्हटलं का मी?"

"फुकट घ्यायला मी येणार नाही. बावीस वर्षांत शीग सोडली नाही, आता सगळं मापच सोडू?"

पुष्पा उठून आत गेली. फळीवर डबे सरकवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची बरणी होती. झाकण लाल, पूर्वी कुणाच्या तरी लोणच्याचं.

"एवढंच उरलंय. द्यायला लाज वाटते, पण तुझंच आहे."

बरणी खडखडली.

"हे अजून टाकले नाहीस?" गंगी म्हणाली.

"पुरावा कोण टाकतं?"

"कसला पुरावा?" चंद्रिकाने विचारलं.

"तुझ्या सासूच्या मापाचा. रात्री वाल भिजत घातले की सकाळी सगळे फुगतात. पण दहा-वीस तसेच राहतात, खड्यासारखे. गणंग. फडक्यात बांधा, ऊन पाणी घाला, त्यांना मोड नाही, ते शिजत नाहीत. दाताखाली आला तर दात जातो. मी फडक्यात बांधायच्या आधीच निवडून ठेवते. ही चैत्रात आली की दाखवते, हे बघ, एवढे दगड मोजलेस, तेवढी शीग कमी धर."

"आणि मी म्हणते, फेकून दे."

"आणि मी म्हणते, पुढच्या वर्षी."

गंगीने बरणी सुपात रिकामी केली. ओंजळभर निघाले. काही जुने, काळपट पडलेले. काही गेल्या श्रावणातले, अजून तांबूस. तिने त्यातून बोट फिरवलं. मग एक दाणा उचलून उन्हात धरला. दुसरा धरला. तिसरा.

"चंद्रिका, तुझे डोळे चांगले आहेत. भोक दिसतं का एकाला तरी?"

चंद्रिका सुपावर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. "नाही."

"पाणी आत जात नाही, तिथे भुंगा काय जाईल," गंगी म्हणाली. हे ती बरणीला सांगत असल्यासारखी. मग मान वर करून, "पुष्पे, पाटा आहे का?"

"मिक्सर आहे."

"मिक्सर काय कामाचा? पाटा."

पाटा मागच्या दाराशी होता, त्यावर कुंडी ठेवलेली. कुंडी हलवली. गंगीने एक वाल दोन बोटांत धरला, पांढरा डोळा वर, पाठ खाली, आणि खसाखसा पाट्यावर घासला.

"काय करता?"

"लग्नाआधी मी रोपवाटिकेत कामाला होते. पिशव्या भरायला. बहाव्याची बी तशीच टाकली तर दोन-दोन वर्षं पडून राहते. आम्हाला ती वाळूत घासायला द्यायचे. साल उघडी झाली की आठ दिवसांत वर." तिने दाणा पाहिला. पाठीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उमटला होता. "डोळ्याकडून घासायचं नाही. तिथे कोंब झोपलेला असतो."

वाटीत पाणी घातलं. वाल तळाशी गेला.

"आता?" पुष्पा म्हणाली.

"आता जेवण घाल."

भात झाला. ताजे बोंबील झाले. वाटी मधोमध ठेवून तिघी जेवल्या. पुष्पाने दोनदा भाताऐवजी वाटीत बोट घातलं आणि गंगीने दोनदा तिच्या हातावर मारलं. पाणी आत गेलं तर आधी सालीला सुरकुती पडते, हे तिघींनाही माहीत होतं. वाल भिजवलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

गंगी बोंबलाचा काटा चोखत होती तेव्हा चंद्रिका म्हणाली, "पडली."

ठिपक्याच्या कडेला, केसाएवढी.

तिघी वाटीवर डोकं लावून बसल्या. सुरकुतीशेजारी दुसरी सुरकुती आली. साल एका बाजूने सैल झाली, फुगली.

"बावीस वर्षं," पुष्पा म्हणाली, "बावीस वर्षं मी यांना शिव्या घातल्या. आणि यांना नुसतं घासायचं होतं?"

"शिव्यांनी पण घासले गेले असतील थोडे."

निघताना पुष्पाने बरणी परत भरून दिली. झाकण लावता लावता थांबली. "गंगे, हे पेरलेस आणि उद्या यांच्या पोटचे सगळेच गणंग निघाले तर?"

"तर शीग कमी धर."

पाट्यावर

पाचशे बारा. चंद्रिकाने मोजले, अंगणवाडीतली पोरं मोजायच्या सवयीने, दहा-दहाच्या ओळी लावून.

तिघांनी घासले. सुदामने पहिल्याच दाण्याबरोबर बोटाची साल काढली. मग त्याने कापडाची टोपणं करून बोटांना बांधली, आणि आई आणि बायको हसल्या तरी काढली नाहीत. अर्ध्या तासाने त्या दोघींनीही बांधली.

दोन तास. मग घागरीतलं पाणी. सकाळी निथळून फडक्यात. फडकं ओट्यावर, गॅसच्या जवळ, उबेला.

"तुझा गॅस एका कामाला आला," गंगी म्हणाली.

"माझा गॅस," चंद्रिकाने तिचीच नक्कल केली.

दीड दिवसाने फडकं सोडलं. जुने, काळपट होते त्यांतले बरेच बुळबुळीत होऊन वास मारत होते. ते बाजूला काढले. उरलेल्यांच्या डोळ्यापाशी पांढरी टोकं फुटली होती, मिठाच्या खड्याएवढी, त्याहून मोठी होऊ द्यायची नव्हती.

तीनशे चाळीस.

ओल: तिसऱ्या पेराच्या तळाशी

गंगीने बोट खुपसलं. पहिलं पेर कोरडं. दुसरं कोरडं. तळहात जमिनीला टेकला तेव्हा कुठे बोटाच्या टोकाला गार लागलं, लागलं न लागलं असं.

"आहे?" चंद्रिकाने विचारलं.

"आजच्यापुरती."

बांधालगतचा खोलगट तुकडा घेतला, तिथे पाणी सगळ्यात शेवटी हटतं. सुदाम टोकदार काठीने भोकं पाडत पुढे. मागे गंगी, एकेका भोकात एकेक वाल, मोड खाली करून. मागे चंद्रिका पायाच्या अंगठ्याने माती लोटत. भोकं नेहमीपेक्षा खोल.

मध्येच चंद्रिकाने कळशीकडे हात केला. "ओंजळ-ओंजळ पाणी घालू का वरून? नुसता आधार."

"नको. वर पाणी दिसलं की मूळ खाली जायचं सोडतं. मग ते रोज तुझ्या कळशीची वाट बघत बसेल."

"एक ओंजळ."

"ती कळशी माझ्या तोंडाला लाव. त्याला राहू दे."

तीनशे चाळीस वाल जमिनीत गेले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. तुंब्यातून असते तर अख्खं शेत झालं असतं. हा तुकडा घरकुलाएवढा, फार तर थोडा जास्त.

मग काही करायचं नव्हतं, आणि तेच कठीण होतं. पाच दिवस चंद्रिका अंगणवाडीला जाण्याआधी बांधावरून जात होती. गंगी जात नव्हती. "बघितल्याने उगवत नाही," म्हणायची, आणि शेळी सोडायच्या निमित्ताने दुपारी जायची.

सहाव्या दिवशी चंद्रिका उशिरा अंगणवाडीत पोचली. आधी ती धावत घरी परत आली होती.

"आई, मान वाकवलेत!"

गंगीला पुढचं विचारावं लागलं नाही. जमीन फोडताना वाल आधी मान वाकवून पाठ वर काढतो. ती अनवाणीच निघाली. भेगाळलेल्या कोरड्या मातीतून हिरव्या कमानी वर आल्या होत्या, ओळीत नव्हे, इकडेतिकडे. एकीच्या डोक्यावर अजून तांबूस साल टोपीसारखी अडकलेली, आणि सालीवर पाट्याचा पांढरा ओरखडा.

तिने मोजले नाहीत. शेजारी बोट खुपसलं. सगळं बोट कोरडं. ओल कुठे गेली होती ते आता फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

शेंगा

यंदा खायच्या नाहीत. हे ठरलं होतं, तिघांनी मिळून. माघात वेलींवर चपट्या हिरव्या शेंगा लटकल्या, दाणे भरले, वास पार घरापर्यंत येऊ लागला. उकडायच्या नाहीत. सगळं बियाण्याला.

एका दुपारी गंगीला चंद्रिका बांधामागे बसलेली दिसली, पाठमोरी. तोंड हलत होतं. हातात सोललेलं टरफल.

गंगी जवळ गेली. चंद्रिकाने टरफल मुठीत झाकलं.

"एकच," ती म्हणाली. "देठाला किडा होता, पडणारच होती."

गंगी तिच्या शेजारी बसली. वेल चाचपून तिने दुसरी एक शेंग तोडली, तिच्या देठाला अजिबात किडा नव्हता. "मीठ आणलंस का?"

"नाही."

"एवढी शिकलेली तू."

कच्चीच खाल्ली, अर्धी-अर्धी. कडसर होती.

शिमग्यानंतर वेल उपटून खळ्यात झोडले. साडेनऊ शेर. सुदामने नवा हुक ठोकला, या वेळी बाहेर पडवीत, अंघोळीचं पाणी तापवायची चूल असते तिच्यावर. ठोकण्याआधी त्याने खाली तीनदा बघितलं, आणि चौथ्यांदा आईला बघायला लावलं.

फोनवर आलेलं बोलणं

चैत्रात गंगीने आगरला एकच शेर नेला. टोकदार शीग लावून. पुष्पाने पाच शेरांचे बोंबील द्यायचा प्रयत्न केला, दोघींची जुंपली, शेवटी शेराला शेरच ठरलं. करंदी मात्र चंद्रिकाच्या पिशवीत आधीच गेली होती.

मग श्रावणातल्या एका सकाळी पुष्पाने बोलून, रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप चंद्रिकाच्या फोनवर आला. चंद्रिकाने फोन गंगीच्या कानाशी धरला. भांड्यांचा आवाज, कावळे, मग पुष्पा:

"गंगे, ऐकतेस का? काल अर्धा शेर भिजत घातले. आज निवडायला बसले आहे. मी म्हटलं होतं की नाही? मी म्हटलं होतं. यंदा दहा-वीस नाहीत, अख्खी मूठ निघाली आहे. मूठ! दगडच दगड. ही काय मोजायची रीत झाली? पुढच्या चैत्रात ये तू, दाखवते. बरणी भरत आली माझी."

टक् टक् टक्. ती एकेक दाणा बरणीत टाकत होती आणि ते ऐकू यावं म्हणून फोन जवळ धरत होती.

गंगी शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग चंद्रिकाला म्हणाली, "परत लाव."

पुन्हा ऐकलं. टक् टक् टक्.

"काय कळवू?" चंद्रिकाने विचारलं.

"कळव, मोठी बरणी घे."